केम्प्स : गुप्त खुणांचा जोडीचा डाव

मेंढीकोटाचा डाव रंगात आलेला असताना समोरच्या भिडूने नुसते खाकरले, तरी बाजूचे दोघे लगेच हरकत घेतात. ‘खाणाखुणा चालणार नाहीत’ हा मराठी घरांतील पत्त्यांच्या बैठकीचा पहिला दंडक होय. चवथीच्या दिवसांत मखरासमोर जागविलेल्या रात्री असोत वा मे महिन्याच्या सुट्टीतील दुपार असो, हा दंडक मोडला म्हणून रुसवेफुगवे झाले नाहीत असे घर विरळाच. पत्त्यांच्या दुनियेत मात्र असाही एक डाव आहे, ज्यात खूण करणे हा अपराध नसून तोच खेळाचा प्राण आहे. त्याचे नाव ‘केम्प्स’.

इंग्रजीभाषक देशांत हा डाव ‘केम्प्स’ याबरोबरच ‘केंट’, ‘कॅश’ अशा नावांनीही खेळला जातो. फ्रान्समध्ये तो ‘केम्स’ या नावाने मुलामोठ्यांच्या परिचयाचा आहे. उन्हाळी शिबिरे, वसतिगृहे आणि मित्रमंडळींच्या बैठका ही त्याची मुख्य ठिकाणे. पाश्चात्त्य विद्यार्थिवर्गात हरणाऱ्या जोडीने पेल्यातला घोट घ्यावयाचा, अशी शिक्षा जोडून तो खेळण्याची पद्धतही रूढ आहे. डावाचे नियम, त्यातील डावपेच आणि या शिक्षेचा खरा हिशेब यांची माहिती येथे दिली आहे.

साहित्य आणि बैठक

खेळासाठी ५२ पानांचा एक कॅट पुरेसा असतो. जोकर काढून ठेवावेत. खेळाडू चार, जोड्या दोन. मेंढीकोटाप्रमाणेच भिडू समोरासमोर बसतात आणि दोन्ही बाजूंना प्रतिस्पर्धी असतात. एकमेकांचे चेहरे, खांदे आणि हात स्पष्ट दिसतील एवढा उजेड असावा. चौघांचाही हात मध्यावर सारख्याच सहजतेने पोहोचेल अशी बैठक हवी. कारण या डावात पाळी नसते, सर्वजण एकाच वेळी खेळतात. सतरंजीवर गोल करून बसल्यास ही अडचण आपोआप सुटते.

खूण ठरविणे

पाने वाटण्यापूर्वी प्रत्येक जोडीने बाजूला जाऊन आपली गुप्त खूण ठरवावी. त्यासाठी दोन-तीन मिनिटे पुरतात. भुवई उंचावणे, कानाची पाळी चोळणे, पाने डाव्या हातातून उजव्या हातात घेणे, चष्मा सावरणे, ओठ मिटून गिळल्यासारखे करणे, यांपैकी काहीही चालते. मात्र तीन बंधने सर्वत्र पाळली जातात. खूण डोळ्यांना दिसणारी असावी. शब्दांत सांगितलेली नसावी. ती सर्वांच्या नजरेच्या टप्प्यात केलेली असावी. सतरंजीखाली पाय दाबणे किंवा भिडूला स्पर्श करणे बाद. आणि खूण करताना आपली पाने कोणालाही दाखवू नयेत.

वाटप आणि खेळ

वाटणाऱ्याने कॅट पिसून, शेजाऱ्याकडून काटून घेऊन प्रत्येकाला चार-चार पाने पालथी द्यावीत. त्यानंतर चार पाने मध्यभागी उलगडून ठेवावीत. उरलेली गड्डी वाटणाऱ्यापाशी राहते.

प्रत्येक खेळाडूचे उद्दिष्ट एकच : एकाच किमतीची चार पाने, म्हणजे चार सत्त्या किंवा चार राजे, हाती जमविणे. सोयीसाठी अशा संचाला ‘चौकडी’ म्हणू. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या रंगांना आणि एक्का-राजाच्या मोठेपणाला येथे काही महत्त्व नाही. दुर्रीची चौकडी एक्क्यांच्या चौकडीइतकीच मोलाची असते.

मधली पाने उघडी होताच खेळ सुरू होतो. ज्याला मधले एखादे पान हवे असेल त्याने ते उचलावे आणि त्याच्या जागी आपल्या हातातील नको असलेले पान उघडे टाकावे. एका वेळी एकच पान बदलता येते आणि हातातील पानांची संख्या नेहमी चारच राहिली पाहिजे. दोघांनी एकाच पानाला हात घातल्यास ज्याचा हात आधी टेकला त्याचे पान. अशी अदलाबदल चौघांकडूनही अखंड चालू राहते.

मधल्या पानांत कोणालाही रस उरला नाही, की वाटणाऱ्याने सर्वांना विचारून ती चार पाने बाजूला सारावीत आणि गड्डीतून नवी चार उघडावीत. सुरुवातीच्या वाटपात १६ पाने हाती गेलेली असतात. उरलेल्या ३६ पानांतून चारचे नऊ संच निघतात. नववा संचही संपला आणि कोणाचीच चौकडी झाली नाही, तर बाजूला सारलेली पाने पुन्हा पिसून वापरावीत.

पुकारा

डावाची खरी मेख येथे आहे. चौकडी जमविणाऱ्याला स्वतः काहीही बोलता येत नाही. त्याने खूण करावयाची आणि ती ओळखून त्याच्या भिडूने ‘केम्प्स!’ असा पुकारा करावयाचा. पुकारा होताच खेळ थांबतो आणि ज्याच्यासाठी पुकारा झाला तो आपली पाने उघडी करतो. चौकडी असेल तर ती जोडी हात जिंकते. चौकडी नसेल, म्हणजे भिडूने खूण चुकीची वाचली असेल, तर तीच जोडी हात हरते.

प्रतिस्पर्ध्यांच्या हातीही एक शस्त्र असते. समोरच्या जोडीतील एखाद्याकडे चौकडी जमल्याचा संशय आल्यास त्याच्याकडे बोट दाखवून ‘स्टॉप केम्प्स!’ म्हणता येते. मराठी बैठकीत नुसते ‘थांब!’ म्हटले तरी भागते. संशय खरा ठरला तर पकडली गेलेली जोडी हात हरते. खोटा ठरला तर संशय घेणारी जोडी. साहजिकच चौकडी जमल्यापासून भिडूचा पुकारा होईपर्यंतचे काही क्षण या खेळात सर्वांत धोक्याचे असतात.

एक उदाहरण घेऊ. ब्रिजच्या सदरांतल्याप्रमाणे चौघांना उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम म्हटले तर उत्तर-दक्षिण ही एक जोडी आणि पूर्व-पश्चिम ही दुसरी. दक्षिणेच्या हाती तीन सत्त्या आणि एक राणी आहे. मध्ये किलवर सत्ती उघडते. दक्षिण ती उचलून राणी खाली टाकते. राण्या जमविणारा पूर्व ती राणी झडप घालून नेतो. त्याची नजर खाली असतानाच दक्षिण कानाची पाळी चोळते आणि उत्तर ‘केम्प्स!’ पुकारतो. पूर्वेने राणीचा मोह क्षणभर आवरून दक्षिणेकडे पाहिले असते, तर कदाचित हात उलटला असता.

गुणांची पद्धत

हात हरणाऱ्या जोडीच्या नावावर केम्प्स या इंग्रजी शब्दाचे एकेक अक्षर चढते : के, ई, एम, पी, एस. पाचही अक्षरे ज्या जोडीवर आधी पूर्ण होतात ती डाव हरते. म्हणजे एक डाव कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त नऊ हातांत संपतो. प्रत्येक हातानंतर पाने पुन्हा पिसून वाटावीत. वाटण्याचे काम क्रमाने पुढे सरकावे. अक्षर चढल्यावर त्या जोडीला बाजूला जाऊन खूण बदलण्याची मुभा द्यावी.

डावपेच

नवखा खेळाडू फक्त आपल्या हातातील पानांकडे पाहतो. मुरलेला खेळाडू मधल्या पानांकडे आणि तीन चेहऱ्यांकडे पाहतो. पहिल्या वाटपात चारही पाने वेगवेगळ्या किमतीची येण्याची शक्यता शंभरातून सुमारे ६८ आहे. म्हणजे साधारण तीनपैकी एका वेळी निदान एक जोडी हाती येतेच. ती आली तर तिच्यावर हात उभारावा, पण हट्ट धरू नये.

हट्टाचा तोटा साधा आहे. प्रत्येक किमतीची कॅटमध्ये चारच पाने असतात. त्यांतील एक जरी प्रतिस्पर्ध्याच्या हाती अडकले किंवा बाजूला सारलेल्या ढिगात गेले, तरी ती चौकडी त्या हातापुरती मेली. म्हणून मधला संच सारला जाताना त्यात कोणती पाने गेली हे ध्यानात ठेवणे, ही या खेळातली अर्धी विद्या. तीन गुलाम हाती धरून बसलेला खेळाडू चौथा गुलाम केव्हाच ढिगात गेला आहे हे विसरला, तर तो भिडूचाही वेळ घालवितो.

याच नियमाचा उलटा उपयोग म्हणजे अडवणूक. प्रतिस्पर्धी अठ्ठ्या जमवीत आहे हे त्याच्या उचलण्यावरून कळले, की एक अठ्ठी उचलून हाती दाबून ठेवावी. तिची किंमत मात्र मोजावी लागते : ती परकी अठ्ठी हाती असेपर्यंत स्वतःची चौकडी पूर्ण होत नाही. म्हणूनच जोडीतील एकाने अडवावे आणि दुसऱ्याने जमवावे, अशी वाटणी अनुभवी भिडू न बोलता करतात.

सर्वांत मोठी चुगली हाताची असते. चौकडी जमली की मधले पान उचलून चालत नाही, कारण एक उचलले तर एक टाकावे लागते आणि चौकडी मोडते. त्यामुळे इतका वेळ चपळ असलेला हात एकाएकी थांबतो आणि चाणाक्ष शेजारी ‘थांब!’ म्हणून मोकळा होतो. यावर उपाय दोन. पहिला, आधीपासूनच मधूनमधून हात आवरता घेण्याची सवय ठेवावी. दुसरा, चौकडी जमल्यावरही मधल्या पानाकडे हात न्यावा, पण दुसऱ्याला ते आधी घेऊ द्यावे.

खुणेची पारख

चांगल्या खुणेला तीन कसोट्या लागतात आणि त्या एकमेकींच्या आड येतात. खूण सहज हवी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला ती खूण वाटू नये. ती ठळक हवी, म्हणजे भिडूच्या नजरेतून सुटू नये. आणि ती अनवधानाने होणारी नसावी, म्हणजे फुकटचा पुकारा होऊ नये. नाक खाजविणे पहिल्या दोन कसोट्यांना उतरते, पण तिसरीत हमखास नापास होते. डोळा मारणे दुसऱ्या-तिसऱ्या कसोटीला उतरते, पण पहिलीला नाही.

यातून वाट काढण्यासाठी जुने भिडू दोन टप्प्यांची खूण वापरतात : आधी पाने जुळवून एकावर एक ठेवावयाची आणि मग हनुवटीला हात लावावयाचा. दोन्ही कृती वेगवेगळ्या सहज घडतात, पण याच क्रमाने, लागोपाठ क्वचितच घडतात. खोट्या खुणा पेरणे नियमात बसते. मुद्दाम डोळे मिचकावून प्रतिस्पर्ध्याला ‘थांब!’ म्हणावयास लावणे आणि त्याच्यावर अक्षर चढविणे, हा तर या डावातील सर्वांत गोड विजय मानला जातो. एवढेच की, खोटी खूण कोणती आणि खरी कोणती याविषयी भिडूंमध्ये आधी एकवाक्यता हवी.

सहा खेळाडूंच्या तीन जोड्या असल्यासही हाच डाव खेळता येतो. हाती चार आणि मध्ये चार पाने हाच क्रम राहतो. काही ठिकाणी दोन्ही भिडूंकडे एकाच वेळी चौकडी जमल्यास ‘डबल केम्प्स’ पुकारून प्रतिपक्षावर दोन अक्षरे चढवितात. असे पोटनियम खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्यावेत.

खुणांना मुभा आणि खुणांना बंदी

खुणांना राजमान्यता देणारा केम्प्स हा एकटाच डाव नव्हे. स्पेनमधील बास्क प्रदेशात उगम पावलेला ‘मुस’ हा जोडीचा डाव खुणांसाठीच प्रसिद्ध आहे. मानुएल दे लारामेंदी या बास्क विद्वानाच्या १७४५ मधील त्रैभाषिक कोशात त्याचा उल्लेख सापडतो. गोव्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते फ्रान्सिस झेवियर ज्या नवार प्रांतात जन्मले, तेथेही तो आवडीने खेळला जातो. मुसमधील खुणा गुप्त नसून ठरलेल्या असतात : दोन राजे असल्यास खालचा ओठ चावावयाचा, दोन एक्के असल्यास जिभेचे टोक दाखवावयाचे, ३१ गुण जमले तर डोळा मारावयाचा. अर्थ सर्वांना ठाऊक असल्याने कौशल्य उरते ते प्रतिस्पर्ध्याची नजर चुकविण्यात. तेथे खोटी खूण करणे मात्र निषिद्ध आहे. केम्प्सच्या नेमके उलट.

ब्रिजमध्ये याविरुद्ध टोक गाठले जाते. १९६५ साली ब्युनोस आयर्स येथील जागतिक स्पर्धेत एका ब्रिटिश जोडीवर बोटांच्या खुणांनी बदामांची संख्या कळविल्याचा आरोप झाला. जागतिक संघटनेने त्यांना दोषी धरले, तर पुढच्या वर्षी ब्रिटनमधील चौकशीने त्यांना दोषमुक्त केले. वाद अनेक वर्षे धुमसत राहिला. भिडूला भिडू दिसू नये म्हणून १९७५ च्या बर्म्युडातील स्पर्धेत टेबलावर तिरपे पडदे उभारण्यात आले, तेव्हा टेबलाखाली पायाने पाय दाबल्याचे प्रकरण उपस्थित झाले. मग टेबलाखालीही आडोसा आला. खूण थांबविणे किती कठीण आहे, याचा याहून बोलका पुरावा नाही.

पेल्याची शिक्षा

प्रत्येक अक्षराला हरणाऱ्या जोडीतील दोघांनीही एक घोट किंवा एक छोटा पेला घ्यावयाचा, अशी शिक्षेची रीत आहे. ऐकावयास ती निरुपद्रवी वाटते. पण ‘घोट’ हे माप पेल्यात काय आहे यावर अवलंबून असते. ५ टक्के मद्यार्काच्या बिअरच्या ३३० मिलीलिटर बाटलीत सुमारे १६ मिलीलिटर शुद्ध मद्यार्क असतो. ४२ टक्क्यांच्या फेणीच्या ६० मिलीलिटरमध्ये तो सुमारे २५ मिलीलिटर भरतो. प्रत्येक अक्षराला ३० मिलीलिटर फेणी ठरली, तर एक डाव हरणाऱ्याच्या पोटात १५० मिलीलिटर फेणी, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम मद्यार्क जातो. बिअरच्या भाषेत सांगावयाचे तर जवळजवळ चार बाटल्या. आणि डाव अर्ध्या तासातही संपू शकतो.

यात दोन सापळे आहेत. पहिला खेळाच्या रचनेत आहे. केम्प्स हा नजर, स्मरण आणि हाताच्या चपळाईचा डाव असून मद्य प्रथम याच तिघांवर घाला घालते. जो हरतो तो पितो, जो पितो त्याची खूण सुटते आणि म्हणून तोच पुन्हा हरतो. शिक्षा दोघांत समान वाटली जात नाही. ती एकाच जोडीवर साचत जाते. दुसरा सापळा शरीरात आहे. घेतलेल्या मद्याचा पूर्ण अंमल चढावयास अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. डावाच्या शेवटी ‘काही झाले नाही’ असे म्हणणाऱ्याला आपण किती घेतले हे शरीर नंतर सांगते.

म्हणून काही गोष्टी बैठकीपूर्वीच ठरवाव्यात. गोव्यात मद्यसेवनाचे कायदेशीर किमान वय २१ वर्षे आहे. त्याखालील कोणी बैठकीत असेल तर पेल्याची शिक्षा मुळीच ठेवू नये. ‘नको’ म्हणणाऱ्याला आग्रह करू नये. वाहन चालविणाऱ्याने एक घोटही घेऊ नये; १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी रक्तातील मद्यार्क उतरत नाही. त्याला केवळ वेळ हाच उतारा असतो.

कोणी हाक मारूनही जागा होत नसेल, श्वास मंद वा अडखळत चालला असेल, अंग गार व निळसर पडले असेल किंवा अर्धवट शुद्धीत उलट्या होत असतील, तर ‘झोपू द्या, सकाळी उतरेल’ असे म्हणू नये. त्याला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उताण्या अवस्थेत उलटी घशात अडकून जीव जाऊ शकतो.

खरे पाहता केम्प्सला मद्याची गरजच नाही. हरल्याची चव लागावी एवढाच शिक्षेचा हेतू असेल, तर प्रत्येक अक्षराला कारल्याच्या रसाचा एक चमचा किंवा साखरेविना पाण्यात कालविलेला आगळ पुरेसा आहे. शेवटचे अक्षर चढलेल्या जोडीने सर्वांसाठी सोलकढी करावी, असा नियम केला तर जिंकणाऱ्यांचाही लाभ होतो. अशा बैठकीत आजीही बसू शकते आणि शाळकरी नातूही. आणि खुणांच्या बाबतीत बोलावयाचे तर, मेंढीकोटात आयुष्यभर डोळ्यांनी बोलत आलेल्या आजीला हरविणे नातवाला सोपे जाणार नाही. फरक एवढाच की, या डावात तिच्यावर कोणाला हरकत घेता येणार नाही.